पावसाळ्यात पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर) तापमान कमी दाखवतो, पॅनेलमध्ये सिग्नल कंडिशनर (सेन्सरचा सिग्नल सुधारून पुढे देणारं यंत्र) लावू का?

पॅनेलमध्ये लावू नका, पैसे फुकट जातील. तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत आंबा पल्पचं युनिट आहे, जूनचा पाऊस लागला की केटलचं तापमान चार-पाच डिग्री कमी दिसतं आणि सेन्सर नवा टाकला तरी तेच. म्हणजे घोटाळा बहुतेक हेडपासून (सेन्सरच्या डोक्यावरचा टर्मिनलचा डबा) पॅनेलपर्यंतच्या वायरिंगमध्ये आहे. हे चालवून घेऊ नका हो, कंट्रोलरला कमी दिसतं म्हणून तो वाफ सोडतच राहतो आणि पल्पचा रंग काळपटतो, आणि तुमचा वर्षाचा धंदा त्या दोन महिन्यांतच असतो.

पीटी-१०० म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स वाढतो, ० डिग्रीला १०० ओहम आणि १०० डिग्रीला १३८.५, एका डिग्रीला ०.४ ओहमसुद्धा नाही. आता आपली खारी दमट हवा जंक्शन बॉक्समध्ये शिरून टर्मिनलवर ओलसर थर बसला आणि दोन वायरींत समजा १० किलोओहमची गळती झाली, तर करंटला दुसरी वाट मिळून एकूण रेझिस्टन्स घटतो आणि खऱ्या १०० डिग्रीला पॅनेल ९५ दाखवणार. तीन वायरींचं कनेक्शन वायरचा रेझिस्टन्स वजा करतं, ही गळती त्याला कळतच नाही.

आधी हे करा. पावसाच्या दिवशीच हेडमध्ये सेन्सर सोडवून त्या जागी १२० ओहमचा रेझिस्टर लावा, ०.१ टक्क्याचाच घ्या, साध्या १ टक्क्याच्यात ३ डिग्रीचा फरक पडतो. पॅनेलवर ५१.६ च्या आसपास आलं तर वायरिंग ठीक, मग हेडचं टर्मिनल नाहीतर सेन्सर बघा. ४८ वगैरे आलं तर वायरिंग गळतंय. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन गळती मोजणारं यंत्र) मारायचा तर वायरची दोन्ही टोकं सोडवूनच, नाहीतर इनपुट कार्ड उडेल.

वायरिंगच गळत असेल तर आधी गळती काढा, मग टू-वायर ट्रान्समीटर (सेन्सरचं माप करंटमध्ये बदलून पाठवणारं यंत्र) सेन्सरजवळ बसवा. तिथून पुढे ४-२० मिलीअँप जातो, रेंज ०-२०० ठेवली तर १०० डिग्रीला १२ मिलीअँप, पण २४ व्होल्टच्या लूपमध्ये १० किलोओहमची गळती आली तर २.४ मिलीअँपपर्यंत चूक, म्हणजे ३० डिग्रीपर्यंत जास्त दिसेल, म्हणून बॉक्स कोरडा ठेवणं सुटत नाहीच. फायदा हा की वायर तुटली की करंट शून्यावर येतो आणि लगेच कळतं. वाफेजवळ हेड फार तापत असेल तर ट्रान्समीटर बाजूच्या भिंतीवर घ्या, बरेच ८५ डिग्रीपर्यंतचेच असतात. ग्लँड (केबल बॉक्समध्ये घेणारी घट्ट बसणारी फिटिंग) खालून घ्या, केबलला बॉक्सआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकेल, टर्मिनल घासून साफ करा.

१२० ओहमला किती आलं ते सांगा, मग कुठला ट्रान्समीटर घ्यायचा ते बघू.