पावडर दाबायला इंजिनिअर कशाला?

प्रश्न : मुलगा मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सरासरी ६२ टक्के. ॲल्युमिनियमची पावडर दाबून-पिळून संमिश्र धातू करायच्या प्रोजेक्टमध्ये दिवसभर अडकलेला असतो. पुढे त्यातच संशोधन करायचं म्हणतो. पावडर दाबायला इंजिनिअर कशाला? आम्ही त्याला सॉफ्टवेअरच्या कोर्सला घालायचं ठरवलंय. तुम्ही समजवा.

उत्तर : ठरवलंत तुम्ही आणि समजवायचं मी? ते जमणार नाही. मला ६२ टक्क्यांची काळजी वाटत नाही. एवढ्या मोठ्या मुलाला तुम्ही कोर्सला 'घालताय', याची वाटते. कुणी न सांगता लॅबमध्ये थांबणाऱ्या मुलाला तिथून उठवून मन नसलेल्या जागी बसवलंत, तर तिथे तो चमकेल हे कशावरून?

आता 'पावडर दाबणं'. वितळवून ओतलं की झालं, असं वाटतं ना? पण धातू मजबूत करायला त्यात घालायचे सिरॅमिकचे बारीक कण वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये नीट मिसळत नाहीत, गोळे धरतात. कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, घातल्या तर धातूशी संयोग होऊन ठिसूळ कार्बाइड तयार होतं. म्हणून काही जण वितळवतच नाहीत. पावडर दोन ऐरणींमध्ये ठेवायची, वातावरणाच्या हजारो पट दाब द्यायचा आणि एक ऐरण फिरवायची. हे हाय-प्रेशर टॉर्शन. प्रत्येक कणावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. पीळ बसला की तो फाटतो, आतला ताजा धातू धातूला भिडतो आणि न वितळता जुडतो. धातूतले स्फटिककण मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, बारीक होतात, म्हणून कडकपणा वाढतो. प्रचंड दाबाखालच्या अशाच कामासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमनना १९४६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मजुरी म्हणायची तर म्हणा.

मुलालाही एक कडू गोष्ट सांगतो. यातून निघणारी चकती बहुतेकदा १० मिलिमीटरच्या आसपास असते. त्यातून थेट यंत्राचे भाग होत नाहीत. नुसत्या या तंत्रावर नोकरी शोधू नये. बॉल मिलिंग (गोळ्यांच्या चक्कीत पावडर दळणं), सिंटरिंग (दाबलेली पावडर न वितळवता तापवून सांधणं), मायक्रोस्कोपी हात बसेपर्यंत शिकावी. पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, ते त्याला ठाऊक असेलच.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. चकतीच्या कडेला पीळ जास्त बसतो, मधोमध जवळजवळ नाहीच. मग मधला भागही कडक व्हावा म्हणून त्यानं काय केलं, कडकपणा कुठे कुठे मोजला, तेवढं कळवू दे. सांगता आलं तर संशोधनासाठी गाईड कसा निवडायचा ते मी सांगेन. नाही आलं, तर सॉफ्टवेअरचं बोलू, पण त्याच्याशी.