वाचकांचे प्रश्न: इंग्लंडच्या खेड्यात मुक्काम

प्रश्न: ताई, आमची मुलगी लीड्सला असते. जूनमध्ये मी, हे आणि माझ्या ७१ वर्षांच्या सासूबाई पंधरा दिवस जाणार आहोत. एक आठवडा मुलीकडं, दुसरा खेड्यात काढावा असं वाटतं. ह्यांनी रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल असा बेत आखलाय. सासूबाई शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. आम्ही गाडी चालवणार नाही. कुठं राहावं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: आधी तो रोज नव्या गावाचा बेत मोडा. रोज सकाळी बॅगा भरायच्या, स्टेशनच्या पायऱ्यांवरून ओढायच्या, आणि त्यात सासूबाईंचा हात धरायचा, ह्यातच आठवडा जाईल. एकाच गावात सात रात्री राहा आणि हॉटेलऐवजी घर भाड्यानं घ्या. तिकडं त्याला हॉलिडे कॉटेज म्हणतात. भांडीकुंडी, शेगडी, अंथरूण-पांघरूण सगळं घरात असतं. उन्हाळ्यात अशी घरं बहुधा आठवड्यानंच देतात, शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार. मुलीकडचे दिवस त्या हिशेबानं बसवा. नाहीतर मधल्या दोन रात्री कुठं काढायच्या हा प्रश्न उभा राहतो.

गाव मी सेटल सुचवीन. यॉर्कशायर डेल्स ह्या चुनखडीच्या डोंगरदऱ्यांच्या मुलखाच्या कडेला आहे आणि लीड्सहून थेट रेल्वे आहे, साधारण तासाभराची. दुकानं स्टेशनपासून चालत जाण्याजोगी. मंगळवारी चौकात बाजार भरतो. सेटल ते कार्लाइल हा मार्ग प्रवाशांसाठी १८७६ साली सुरू झाला. सेटलहून दुसरं स्टेशन रिबलहेड, तिथला २४ कमानींचा पूल सासूबाईंना बाकावर बसून निवांत बघता येईल. वाटेत शेतांच्या कडेनं दगडी गडगे दिसतील. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. आपल्याकडं आजरा-भुदरगडात असतात तसेच. मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, चुनखडीच्या डोंगरांचा धडा दरवर्षी घेतला, पण तो मला खरा कळला तो ह्या गडग्यांच्या कडेनं चालताना.

नकाशावर स्टेशनचं नाव बघून घर ठरवू नका. डेंट हे स्टेशन डेंट गावापासून सुमारे ४ मैलांवर आणि खूप उंचावर आहे. गाडी नसेल तर बॅगा घेऊन तिथं उतरणं म्हणजे हाल. मालकाला सरळ विचारा, ‘स्टेशनपासून चालत किती मिनिटं, आणि चढ आहे का?’

आता जिन्याचं. हे मी कळकळीनं लिहिते, कारण माझ्या आईला मी ह्यातच फसवलं. जाहिरातीत दोन बेडरूम लिहिलेल्या, फोटोत खिडकीत फुलं. पोचलो तर दोन्ही खोल्या वर, संडास-बाथरूमही वर, आणि जिना असा अरुंद आणि खडा की पन्हाळ्याची तीन दरवाजाची वाट आठवावी. आई सातही रात्री खाली सोफ्यावर झोपली आणि रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणी पीत नव्हती. हे मला चौथ्या दिवशी कळलं. म्हणून पैसे भरण्याआधी लेखी विचारा: झोपायची खोली तळमजल्यावर आहे का? संडास तळमजल्यावर आहे का? आंघोळीला टबात पाय उचलून जावं लागतं की शॉवर जमिनीलगत आहे? जुन्या घरांत टबातच शॉवर असणं अगदी नेहमीचं आहे, आणि दुखऱ्या गुडघ्याला ती कड फार उंच पडते.

स्वयंपाकघर असलं की सासूबाईंच्या जेवणाची काळजी मिटते. ज्वारीचं पीठ, डाळी लीड्स-ब्रॅडफर्डच्या आपल्या लोकांच्या दुकानांतून आधीच घ्या. फोडणी देताना खिडकी उघडा, पंखा लावा आणि आतलं दार बंद ठेवा. मोहरी-मिरचीच्या धुरानं खोलीत छताला लावलेला आगीच्या इशाऱ्याचा भोंगा वाजतो आणि म्हातारं माणूस फार घाबरतं. वाजला म्हणून त्याची बॅटरी मात्र काढू नका.

ह्यांना एखादी रात्र वेगळी हवीच असेल तर शेतकऱ्याच्या घरी बेड अँड ब्रेकफास्ट घ्या. न्याहारी पोटभर असते. आधी सांगितलं तर मांसाशिवाय बीन्स, मशरूम, टोमॅटो, टोस्ट देतात. रात्रीचं जेवण बहुधा नसतं. पबमध्ये मिळतं, पण तिथलं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळं वेळेचं भान राहत नाही. रविवारी संध्याकाळी तर आधी चौकशी केल्याशिवाय जाऊच नका.

प्रश्न: मी सप्टेंबरपासून शेफील्डला शिकायला चाललोय. पन्हाळा-पावनखिंड चारदा केलंय. तिकडच्या डोंगरात तंबू टाकून राहता येईल का?
– एक विद्यार्थी, शिवाजी पेठ

उत्तर: आपल्यासारखा कुठंही नाही, बाळा. इंग्लंडमध्ये डोंगरसुद्धा कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि परवानगीशिवाय तंबू टाकता येत नाही. डार्टमूर ह्या उंच माळरानाचा काही भाग अपवाद आहे. तिथला हक्क २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवला. पण डार्टमूर दक्षिणेला, तुझ्यापासून लांब. तू पैसे देऊन कॅम्पसाइटवर राहा, किंवा युथ हॉस्टेल बघ. ही संस्था १९३० पासून आहे आणि बहुतेक ठिकाणी स्वतः रांधायची सोय असते. लेक डिस्ट्रिक्टमध्ये ब्लॅक सेल म्हणून त्यांचं एक हॉस्टेल आहे, पूर्वीची मेंढपाळाची झोपडी. तिथवर गाडीरस्ता जात नाही, चालतच जावं लागतं. तुझ्यासारख्यानं जावं असं ते ठिकाण आहे. वाटेतलं प्रत्येक फाटक जसं सापडलं तसं ठेव. बंद असेल तर मागं बंद कर, मेंढरं असतात.

प्रश्न: मुलाच्या घरमालकिणीसाठी कंदी पेढे आणि घरचं तूप न्यावं म्हणते.
– एक आई, कागल

उत्तर: नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत, विमानतळावरच काढून घेतील. कोल्हापुरी चप्पल न्या. मापासाठी मुलाला तिच्या पावलाची रेघ कागदावर काढून पाठवायला सांगा.