जाहिरातीला पैसे नाहीत, मसाला विकू कसा?

प्रश्न: मी सांगलीत घरी कांदा-लसूण मसाला करून विकते. व्हॉट्सॲपवर दोनशे जणांना ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना एकदम, टाकते पण उत्तर चार-पाच जणांचंच येतं, बाकीच्यांना आवडत नाही का?

उत्तर: ताई, मसाल्याला दोष देऊ नका, आधी हे बघा की त्या दोनशे जणांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय का, कारण नसेल केला तर ब्रॉडकास्ट त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून प्रत्येक पाकिटावर नंबर छापा आणि देताना तोंडाने सांगा, "सेव्ह करा हं." एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, म्हणजे जागा आहे अजून. व्हॉट्सॲप बिझनेस ॲप फुकट आहे, त्यात कॅटलॉगमध्ये पाव किलो, अर्धा किलोचे भाव टाकून ठेवा, सारखं सारखं सांगावं लागत नाही. आणि स्टेटसला नुसता पाकिटाचा फोटो नको, मिरची वाळत घातलेली, खोबरं भाजताना, कांडपावर कुटताना असं दाखवा, मला तरी तेच बघून विकत घ्यावंसं वाटतं. स्टेटस 24 तासांत जातं, तेव्हा उन्हाळ्यात वर्षाचा मसाला भरायच्या दिवसांत रोज टाका. गूगल मॅपवर नोंदणीही मोफत होते, तीही करून टाका.