बारा वर्षांच्या मुलीला आणि आठ वर्षांच्या मुलाला कोणती नवी पुस्तकं द्यावीत?

प्रश्न : ताई, माझी मुलगी 12 वर्षांची आणि मुलगा 8 वर्षांचा आहे. मुलगी आधी भराभर वाचायची, आता आम्ही आणलेली पुस्तकं तशीच पडून राहतात. आमच्या लहानपणीची पुस्तकं तिला जुनाट वाटतात. मुलगा तर नुसती चित्रं बघतो आणि पुस्तक मिटतो. दोघांसाठी मराठीतली अलीकडची पुस्तकं सुचवाल का?

उत्तर : मुलीपासून सुरुवात करते, कारण बालवाचनालयात मला सगळ्यात जास्त काळजी याच वयाची वाटते. बाराव्या-तेराव्या वर्षी बोधकथा पोरकट वाटू लागतात आणि मोठ्यांच्या जाडजूड कादंबऱ्या अजून झेपत नाहीत. नेमकी या मधल्या वयासाठी मराठीत पुस्तकं कमीच लिहिली जातात, ही माझी जुनी तक्रार आहे. पण जी आहेत, त्यातली काही फार सुंदर आहेत.

आधी संगीता बर्वे यांची 'पियूची वही' आणा. एका मुलीने स्वतःच्या वहीत लिहिल्यासारखं हे पुस्तक आहे. वाचन सुटलेल्या मुलांना असं रोजनिशीचं पुस्तक मी मुद्दाम देते. थोडंसं वाचून थांबता येतं, पुन्हा कुठूनही सुरू करता येतं, आणि बोलणारी मुलगी आपल्याच वयाची असते.

ते आवडलं तर ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा' द्या. धरणामुळे ज्याचं गाव सुटतं अशा मुलाची ही गोष्ट आहे. 'एवढं दुःखाचं मुलांना कशाला?' असं काही पालक मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : या वयाच्या मुलांना दुःख कळतं, आणि मोठी माणसं ते आपल्यापासून लपवतात हेही कळतं. एक मुलगी हे पुस्तक परत करायला आली, पण टेबलावर ठेवेना. छातीशी धरून उभीच राहिली आणि म्हणाली, "त्याला परत जाता येणारच नाही का?" मी नाही म्हटलं. तिने पुस्तक उघडून पहिल्या पानावरचं गावाचं वर्णन तिथेच उभ्याने पुन्हा वाचलं. अशा वाचकाला आणखी काही समजावून सांगायची गरज नसते.

लेकीला थरार हवा असेल, तर भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' आहे. रानावनाची ओढ असेल, तर सलीम सरदार मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध'. या चारही पुस्तकांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेला आहे. 'खारीच्या वाटा'ला 2017 साली, तर 'समशेर'ला 2024 साली. हा पुरस्कार 2010 पासून दरवर्षी दिला जातो. पुरस्काराचं पुस्तक प्रत्येक मुलाला भावेलच असं नाही, पण एरवी कानावर न येणारी नावं त्या यादीत सापडतात, म्हणून दरवर्षी ती जरूर बघा.

आता मुलाबद्दल. तो चित्रं बघतो म्हणजे वाचतोच आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' किंवा 'यश'ची पुस्तकं त्याच्यापुढे ठेवा. गोष्टही त्यांची आणि चित्रंही त्यांचीच, त्यामुळे शब्दांत न सांगितलेलं बरंच काही चित्रात असतं. पान उलटायची घाई करू नका. त्याला आधी बघू दे, मग तुम्ही वाचा. ही पुस्तकं अगदी नवी नाहीत, पण या वयासाठी मला त्यांच्याइतकी विश्वासाची दुसरी सापडलेली नाहीत.

'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेने 2015 साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट वाचता येतात. तिथे गोष्टींच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. मुलगा तिसरीत आहे म्हणून थेट तिसऱ्या पातळीवर जाऊ नका. दुसऱ्या पातळीपासून सुरू करा. अडखळत वाचावं लागलं की गोष्टीचा धागा हातातून सुटतो आणि मग पुस्तक मिटलं जातं.

दोघांच्याही बाबतीत एक विनंती आहे. वाचून झाल्यावर 'काय शिकलास?' असं विचारू नका, आणि अर्धवट टाकलेलं पुस्तक संपवायला लावू नका. मुलीने कोणतं पुस्तक कितव्या पानावर सोडलं ते मात्र मला कळवा. त्यावरून तिच्यासाठी पुढचं पुस्तक शोधणं मला सोपं जाईल.