लिंका विकत घेऊ नको रे भो

अरे भो,

तुझी केळीची साईट बघितली, मोबाईलवरच बघितली, कारण रावेर-यावलचा शेतकरी पण ती तिथंच बघणार, बांधावर उभा राहून, रेंज असली तर. ट्रॅफिक नाही म्हणून कोणीतरी हजार बॅकलिंक (दुसऱ्या साईटवरून तुझ्या साईटकडे येणाऱ्या लिंका) देतो, महिन्यात पहिल्या पानावर आणतो म्हणाला अन् त्याला पैसे देऊ का असं विचारतोयस. नको देऊ. असल्याच लिंका लावणाऱ्या साईटी खाली ढकलायला गूगलनं २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट आणलं होतं, आता तर त्या बहुतेक वेळा मोजतच नाहीत, म्हणजे पैसे गेले अन् हातात काही नाही. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, जो देतो त्याचा नंबर ब्लॉक कर.

सर्च कन्सोलचा, म्हणजे आपली साईट गूगलवर कशी दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्याच टूलचा, स्क्रीनशॉट पाठवलास पण तू फक्त वरचा ग्राफ बघून रडतोयस, खाली क्वेरीज, म्हणजे लोकांनी शोधलेले शब्द, आहेत त्या वाच ना. "कांदेबाग केळी लागवड" ला इम्प्रेशन (किती वेळा दिसलं ते) भरपूर, क्लिक जवळपास शून्य, पोझिशन अकरा-बारा. म्हणजे गूगल तुला दाखवतंय बॉ, फक्त दुसऱ्या पानावर. नवीन पन्नास लेख लिहिण्यापेक्षा अशी अर्ध्यात अडकलेली पानं आधी दुरुस्त करायची, मी तर नेहमी तिथूनच सुरुवात करतो.

आता ते पान स्वतः उघडून वाच. टायटल काय, तर "केळी संपूर्ण माहिती". मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) अन् कांदेबाग (ऑक्टोबरच्या आसपासची) एकातच कोंबलीय अन् सुरुवातीला दोन परिच्छेद केळं खाण्याचे फायदे! जो माणूस ऑक्टोबरात टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावायला निघालाय त्याला पोटॅशियम कशाला सांगतोस? कांदेबागेचं पान वेगळं कर, टायटलमध्ये तेच शब्द टाक, अन् पहिल्या ओळीपासून कामाचं बोल. थंडीत वाढ मंदावते तेव्हा तुम्ही काय करता, पाणी कसं देता, वाऱ्याला आडोसा म्हणून कडेनं काय लावलंय, त्याचा फोटो, तुझ्या मोबाईलनं काढलेला. साईटची क्वालिटी तपासणाऱ्यांना गूगल ज्या सूचना देतं त्यात २०२२ च्या डिसेंबरात "अनुभव" पण जोडलाय, अन् तो तर तुझ्या घरीच आहे, वडिलांना विचार.

केळीच्या बाजारभावाचं पण तसंच. बऱ्हाणपूर-रावेरच्या भावाचं रोज नवीन पान काढतोस, प्रत्येकात दोन ओळी, अशी शेकडो पानं साचलीत अन् ती एकमेकांशीच भांडतायत. एकच पत्ता ठेव, तेच पान रोज अपडेट कर, जुनी सगळी ३०१ रीडायरेक्टनं (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेतं ते) त्याच्यावर आण. जुने भाव त्याच पानावर खाली टेबलात ठेव, लोकांना मागच्या महिन्याशी तुलना करायची असतेच.

मेटा कीवर्डचा डबा (पानामागे लपलेले शोधशब्द टाकायचा) भरत बसू नको, गूगलनं २००९ मध्येच सांगितलंय की रँकिंगसाठी तो वापरत नाही. लेखाला मार्क देणाऱ्या प्लगिनमधले हिरवे दिवे पण सगळे लागलेच पाहिजेत असं काही नाही. होमपेजवरचा तो सरकत्या फोटोंचा मोठ्ठा स्लायडर मात्र काढ रे बाबा, फोटो छोटे करून टाक. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदाच्या आत दिसावा असं गूगलचं माप आहे, तुझं पान माझ्याकडे उघडेपर्यंत चहा झाला. त्यानं नंबर एकदम उडी मारणार नाही, पण आलेला माणूस तरी थांबेल.

अन् "केळीत किती कॅलरी" छाप लेख सोडून दे. २०२४ पासून आपल्याकडे पण गूगल एआयनं लिहिलेलं उत्तर वरतीच दाखवतंय, असल्या प्रश्नाला खाली येऊन क्लिक कोण करणार? त्यापेक्षा सीएमव्हीनं (मावा किडीमुळे पसरणाऱ्या विषाणू रोगानं) बाग गेली तेव्हाचे फोटो तारखेसकट टाक, पानावर आधी काय दिसलं, मावा कधी दिसला, रोपं कधी उपटली. पत्रकार अन् कृषीची पोरं असलंच शोधत येतात, लिंक देतात ते, फुकट.

कांदेबागेचं पान ऑगस्टच्या आत चढव, ऑक्टोबरात चढवलंस तर गूगलला ओळख पटेपर्यंत लागवड होऊन जाईल. सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून इंडेक्सिंगची (पान गूगलच्या यादीत घ्यायची) रिक्वेस्ट एकदाच टाक, रोज रोज दाबून काही होत नाही. पोळ्यानंतर क्वेरीजचा स्क्रीनशॉट पाठव, नंतर पुढचं पान कोणतं धरायचं ते बघू.

तुझा काका