नवीन ४के मॉनिटरवर एकच डेड पिक्सेल दिसतोय. कंपनी बदलून देईल का?

वॉरंटीत? बहुतेक नाही. ३८४० × २१६० च्या पडद्यावर जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात. त्यातले किती बिघडले की पॅनेल सदोष मानायचं, हा आकडा कंपनीने आधीच ठरवलेला असतो आणि तो सहसा एकापेक्षा जास्त असतो. शिवाय चमकत्या (कायम पेटलेल्या) आणि काळ्या (मेलेल्या, म्हणजे डेड) ठिपक्यांचे नियम वेगळे. डेलच्या प्रीमियम पॅनेल हमीत मॉनिटर बदलून मिळायला एक चमकता पिक्सेलही पुरतो, काळ्याला ती सवलत नाही.

म्हणून वॉरंटीच्या मागे न लागता विक्रेत्याची माल परत घेण्याची मुदत गाठा. आधी पडदा मऊ फडक्याने पुसा, धुळीचा कणही हुबेहूब तसाच दिसतो! मग पूर्ण पडदा काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा करून बघा. मेलेला पिक्सेल पांढऱ्यावर उठून दिसतो, चमकता काळ्यावर. एकाच रंगात अडकलेला असेल तर रंग भराभर बदलणारं सॉफ्टवेअर चालवून कधीकधी सुटतो. काळा सहसा नाही. खोकं आणि थर्माकोल मात्र जपून ठेवा.

ठिपका अगदी कोपऱ्यात असेल तर मी तरी बदलायच्या भानगडीत पडणार नाही. बदली आलेल्या नगात मधोमध निघाला तर?