वॉटरमन म्हणजे पाणक्या नव्हे

प्रश्न असा आहे: सासरचं घराणं लंडनजवळच्या, थेम्सकाठच्या आयझलवर्थचं. घरच्या मराठी मंडळींसाठी त्याचा इतिहास लिहायला घेतलाय. १८५१ च्या जनगणनेत एका पूर्वजाचा धंदा 'वॉटरमन' आणि मुलाचा 'लायटरमन' लिहिलाय. बापाला पाणक्या म्हणावं का? आणि मुलगा रस्त्यावरचे दिवे लावायचा का?

दोन्ही नाही. दिवे लावणारा तो लॅम्पलाइटर. हे बापलेक दोघंही नदीवर पोट भरणारे.

वॉटरमन होडीतून उतारू नेई. त्याला बेधडक 'नावाडी' म्हणा; कोकणातली मंडळी वाचणार असतील तर 'तारी' जास्त गोड लागेल. लायटरमन मात्र माल वाही. लायटर म्हणजे सपाट बुडाची, रुंद मालहोडी. मोठ्या जहाजातला माल तिच्यात उतरवला की जहाज हलकं होतं, म्हणून हे नाव. प्रकाशाशी त्याचा संबंध नाही. भरती-ओहोटीचा ओघ ओळखून, लांबलचक वल्ह्यांनी ते धूड धक्क्याला लावायचं, हे त्याचं कसब. आपल्याकडे जवळचा शब्द 'पडाव'. पण आगबोटीच्या दिवसांत कोकणात पडावातून माणसंही उतरत, त्यामुळे 'पडाववाला' लिहिलंत तर बापलेकांतला फरकच पुसला जाईल. मी 'लायटरमन' तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला 'मालहोडी चालवणारा' एवढं जोडेन.

हा फरक जपायचा तो शोधासाठीही. थेम्सवरच्या वॉटरमन लोकांसाठी १५५५ च्या कायद्याने कंपनी स्थापन झाली. तिची हद्द ग्रेव्हझेंड ते विंडसर, म्हणजे आयझलवर्थ आत आलं. १७०० मध्ये लायटरमनही तिच्यात सामील झाले. कंपनी म्हणजे इथे आजची धंदेवाईक कंपनी नव्हे, एकाच धंद्यातल्या कारागिरांच्या संघासारखी संस्था. उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली काम शिकण्याची मुदत, साधारण सात वर्षांची आणि तिच्या नोंदी १६८८ पासूनच्या मिळतात. त्यांत पोराचं नाव आणि उस्तादाचं नाव एकत्र सापडतं. उस्ताद पुष्कळदा बाप, काका नाहीतर थोरला भाऊच असे, त्यामुळे नातं जुळवायला ही वही चर्चच्या वहीइतकीच कामाची. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात बापाच्या धंद्याचा रकाना आहे. तोही ताडून पाहा. १८४१ च्या जनगणनेवर मात्र फार विसंबू नका: पंधरा वर्षांवरच्यांचं वय तिथे सहसा पाचाच्या पटीत खाली आणलेलं असतं आणि नातं लिहिलेलंच नसतं.

आता एक गंमत. लंडनच्या घोडागाड्यांच्या अड्ड्यावर घोड्यांना पाणी पाजणाऱ्या माणसालाही 'वॉटरमन'च म्हणत. तो खराखुरा पाणक्या! तेव्हा पत्ता बघा. नदीकाठची गल्ली आणि शेजारीपाजारी होडीवाले असतील तर नावाडी समजायला हरकत नाही. शहराच्या मध्यभागी, नदीपासून दूर राहणारा असेल तर जरा थांबा.

जाता जाता, याच रकान्यात 'जर्नीमन' भेटला तर त्याला प्रवासी करू नका. हा शब्द फ्रेंचमधल्या 'दिवस' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. उमेदवारी संपवून दुसऱ्याकडे रोजावर काम करणारा कारागीर, एवढाच त्याचा अर्थ.